चहावरची साय

कॉलेजनं इंटर्नशिप सक्तीची केली तेव्हा वर्गातले निम्मे जण बँकांत गेले, काही मॉलमध्ये. मी एम. ए. मराठीची, मला कोल्हापुरातल्या एका पुस्तक प्रकाशकाकडे जागा मिळाली. पहिल्या दिवशी हुपरीहून एसटीनं येताना मला अख्ख्या बसला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी आता पुस्तकं काढणार आहे. शेजारच्या बाईंना तर सांगितलंच. त्या म्हणाल्या, "म्हंजे झेरॉक्सचं दुकान का?"

ऑफिस म्हणजे चहाच्या टपरीच्या बरोबर वरच्या दोन खोल्या. प्रकाशकांना सगळे अण्णा म्हणत. कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणाऱ्या एक ताई होत्या आणि हिशेब बघणारे एक काका. आधी मला धूळ झटकायला आणि पार्सलं बांधायला लावलं. मला त्याचंही अप्रूप होतं. बाइंडिंगहून आलेला गठ्ठा सोडला की पुस्तकांना खळीचा ओलसर वास यायचा आणि मी उगीचच प्रत्येक प्रत उघडून बघायचे. मग एक दिवस अण्णांनी कपाटाकडे बोट केलं. टपालानं आलेली हस्तलिखितं वाचायची आणि बरी वाटतील ती बाजूला काढायची. मी आनंदानं उडीच मारायची बाकी होते.

पण बाजूला काढलं म्हणजे छापलं असं नव्हतं. अण्णांची एक रीत होती. दुपारचा चहा आला की हस्तलिखितातला थोडा भाग कुणीतरी मोठ्यानं वाचायचा. बाकीच्यांनी चहा पीत ऐकायचं. मत कुणी द्यायचं नाही. वाचन संपलं की अण्णा उठून कप बघत. कप रिकामे असतील तर हस्तलिखित साभार परत. ऐकण्याच्या नादात चहा तसाच राहून त्यावर साय धरली असेल, तर पुस्तक निघणार.

"चहावरून पुस्तक ठरवता?" मी हसत विचारलं.

"मग काय तुझ्या कॉलेजच्या समीक्षेवरनं ठरवू?" अण्णा म्हणाले.

आणि मग मला ती जाड फाईल सापडली. कसबा बावड्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. जन्मभर ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. मी फाईल परवानगी काढून घरी नेली. एका प्रकरणात दोन वराती एका अरुंद बोळात समोरासमोर येतात. मागं कुणीच हटेना. दोन्ही बँड एकमेकांवर कुरघोडी करत वाजवत सुटतात. मग यांना दिसतं की समोरच्या बँडमध्ये आपला सख्खा भाऊ आहे. दोघं भुवई उडवतात, दोन्हीकडून एकच धून सुरू होते, वराती एकमेकांत मिसळतात आणि नवरीकडचे मामा भलत्याच मांडवात जाऊन आहेर घेऊन येतात. मी बसमध्ये एकटीच खिदळत होते. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं.

"अण्णा, हे छापायचंच," मी दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाले.

"मला नको सांगू. चहाला सांग. आज तूच वाच."

मी कधी एवढी घाबरले नव्हते. हे परत गेलं तर ती फाईल पुन्हा कुणी उघडणार नाही, हे मला माहीत होतं. पुस्तक सुरुवातीपासून वाचायचं असतं, म्हणून मी शहाण्यासारखी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. ते प्रकरण जरा जड होतं खरं. मानवी जीवन हे एक अखंड संगीत असून सुखदुःखाचे सूर त्यात कसे एकरूप झाले आहेत, असं बरंच काही. दुसऱ्याच पानाला काकांचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताईंचा. अण्णांनी तर बशीत ओतून भुरका मारला.

"साभार परत," अण्णा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "न्हाय अण्णा! मी चुकीचं वाचलं. खरं पुस्तक पुढं हाय!" संतापले की माझी हुपरी बाहेर येते.

"एका हस्तलिखिताला एकच चहा. रीत हाय ती."

"रीत चहाची हाय न्हवं?" कॉम्प्युटरमागून ताई म्हणाल्या. "मग अजून एक सांगा की. मी तर घेतो." आमच्याकडच्या बायका अशाच, 'घेते' न म्हणता 'घेतो' म्हणतात, आणि त्या दिवशी मला ते फारच गोड वाटलं. अण्णांनी कपाळाला आठी घातली, पण खिडकीतून खाली चहा सांगितला.

या खेपेला चहावाले मामा स्वतःच वर आले. मी बोळातली वरात काढली आणि घरी आईला वाचून दाखवावी तशी वाचत सुटले. काकांचा कप ओठांजवळ थांबला तो थांबलाच. ताईंनी हसू आवरायला तोंडात पदर धरला. मामा रिकामी किटली घेऊन दारातच उभे. खालून कुणीतरी बोंब मारली, "मामा, दूध उतू चाललंय!"

"बंद कर की गॅस!" मामा तिथूनच ओरडले. "पोरी, थांबू नगंस. तो भाऊ वळखला का न्हाय?"

वाचून झालं. अण्णा उठले. एकेक कप वाकून बघितला. सगळ्यांवर साय होती, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा. "फोन लाव त्यांना," एवढंच ते म्हणाले. घाईत माझा नंबर दोनदा चुकला.

"आजोबा, तुमचं पुस्तक काढतोय आम्ही," मी म्हणाले. "पण पहिलं प्रकरण काढून टाकावं लागेल." ते रागावतील म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"काढा की! ते माझं न्हवंच. जावयानं लिवलंय, मास्तर हाय तो. म्हटलं, वरातीत आदी सलामी वाजवाय लागती. कोण ऐकत न्हाय, पर वाजवल्याबिगर पुढं जाता येत न्हाय." मग त्यांनी विचारलं, "फुडचं कुणी ऐकलं का?"

"सगळ्यांनी ऐकलं. चहा तसाच राहिला आजोबा. गार होऊन साय आली."

मी ती रीत समजावून सांगणार, एवढ्यात ते बोलले.

"आमी वाजवाय लागलो की लोकं जेवाय उठायची बघ पोरी. जन्मभर. माझं ऐकताना कुणाचं खायाचं-प्यायाचं ऱ्हायलं, हे आजच कानावर आलं."

"काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं. मी फोन त्यांच्या हातात दिला.