दोन ग्राफिक्स कार्डं आणि मागची केबल

थ्रीडी नकाशांच्या कामासाठी आज दारव्ह्यात ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेले होते. दुकानदाराने दोन संगणकांवर एकच गेम लावला. महाग कार्डावर तो सुरळीत चालला, स्वस्तावर अडखळला.

मी मागे वाकून पाहिलं. स्वस्त कार्ड नुसतंच बसवलेलं होतं. मॉनिटरची केबल त्या कार्डाऐवजी थेट संगणकाच्या मूळ बोर्डाला, मदरबोर्डला जोडली होती. म्हणजे गेम त्या कार्डावर चालतच नव्हता.

हे दुकानदाराला सांगितलं, तर तो माझ्यासोबत आलेल्या भावाकडे वळला. “भाऊ, ताईले समजवा. कायले डोकं लावून राह्यल्या?”

भाऊ म्हणाला, “मी गाडी चालवाले आलो. कार्डातलं तिलेच समजते.”

केबल मीच काढून स्वस्त कार्डाला लावली. आता दोन्हींत फरक दिसेना. त्याने मॉनिटरच बंद केला.

कार्ड हवंच आहे, पण त्याच्याकडून नको. ही तुलना पाहून तुमच्यापैकी किती जणांनी महाग कार्ड घेतलंय?