पाइपाची रजई

दहिवलीची रुकय्या रजया शिवायची. तिशीतली विधवा, पण हसू फुटलं की हातातली सुई कुठे जाईल याचा नेम नसे.

एकोणऐंशी साली कर्जतला नवशाशेठचं थंड हवेचं थेटर उभं राहिलं. मशीन चालू करताच छताखालच्या पत्र्याच्या पाइपाला बाहेरून घाम सुटला आणि थेंब थेट शेठच्या टकलावर!

"रुकय्या, या पाइपाला रजई शीव," शेठ म्हणाला.

तिनं शिवली. पाइप बनवणारा नेरळचा मोहियुद्दीन परांचीवरून हात देत होता. मग थेटराच्या तपासणीला सरकारी साहेब आले. त्यांनी चिमूटभर कापूस उपटून काडी लावली. भप्पकन पेटला!

"लोकांच्या डोक्यावर हे? न पेटणारं वेष्टण लावा. नियम आहे."

शेठ मटकन बसला. रुकय्यानं कापूस पायानं विझवला. "बरं झालं, आताच कळलं!"

मुंबईहून टेंपोनं काचेचा कापूस आला.

"काचेचा? मग दगडाचं सूत पण आनलंस का, मोहियुद्दीनभाय?"

तोंडाला फडकं, हातात मोजे, तरी अंगभर खाज. दोघं परांचीवर नाचत, खिदळत शिवत राहिली. रोज उतरताना मोहियुद्दीन काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि नुसताच शिंकायचा.

साहेब पुन्हा आले. या कापसानं काही पेट घेतला नाही. सांध्यातून हवा निसटते का ते बघायला मोहियुद्दीन मशीनच्या खोलीत पाइपाच्या तोंडाशी गेला आणि रुकय्या सभागृहात, जिथून पाइपाची हवा बाहेर पडते त्या जाळीखाली उभी राहिली.

"ऐकू येतंय का गं?" पाइपातून त्याचा आवाज आला.

"येतंय, मोहियुद्दीनभाय!"

"एक सांगू? मला भाय म्हनू नको."

"मग काय म्हनू?"

"निकाह झाल्यावर ठरवू."

त्या पाइपाला आठ जाळ्या होत्या. आठही जाळ्यांतून 'निकाह' घुमला. शेठ, साहेब, खुर्च्या ठोकणारे सुतार, सगळे माना वर करून बघत राहिले. रुकय्या लाल झाली, मग हसत सुटली, इतकी की खाली बसली.

"बोल ना गं!" आठ जाळ्या काकुळतीला आल्या.

"अरे हो रं, हो! सगळं थेटर ऐकतंय!"

"याबद्दल नियमात काही हरकत नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले आणि स्वतःच फिस्सकन हसले.

निकाह थेटरातच झाला. शेठनं खुशीत मशीन पूर्ण सोडलं. नेरळची वऱ्हाडी मंडळी शाली मागत बिर्याणी जेवली. पुढच्याच आठवड्यात खोपोलीच्या एका कारखान्यातून पाइपांचं बोलावणं आलं आणि नवी जोडी टेंपोच्या मागं, काचेच्या कापसाच्या गाठोड्यांवर बसून, गाणी म्हणत निघाली.