जागेपणी

भाचीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मी दचकलेच. नखाएवढ्या पारदर्शक चिपमधल्या केसासारख्या नळीत मिलिमीटरभर लांबीचा एक जंत होता. नळीची मऊ भिंत फुगली, तिने त्याला दाबून धरलं आणि भाचीने लेसरने त्याचा एक मज्जातंतू तोडला.

"झालं हं, झालं," सायली त्याला म्हणाली.

"भूल दिलीस ना गं?"

"नाही मावशी. भुलीमुळे तंतू पुन्हा वाढण्यावर परिणाम होतो. म्हणून तर ही चिप."

म्हणजे तो जागा होता! मग तिने काल तंतू तोडलेला दुसरा जंत दाखवला. तुटल्या जागेपासून हिरवा, चमकता तंतू पुन्हा पुढे निघाला होता. एका दिवसात! अकरा वर्षांपूर्वी विळीवर माझी दोन बोटं खोल कापली. जखम भरली, बोटं बधिरच राहिली. या एवढ्याशा जीवाला जमतं, आणि मला नाही?

बाहेर व्हरांड्यात चहा घेतानाही मी त्याच विचारात होते.

"मावशी, बोटं!" सायलीने कप हिसकावला. गरम कपाला टेकलेली ती दोन बोटं लालबुंद झाली होती. तिने त्यांच्यावर फुंकर घातली. "झालं हं, झालं."

मी पूर्ण जागी होते. मला काहीच कळलं नव्हतं.