टाकीवरचं युद्ध

नेरूरकरकाकांशी कोणी सहमत झालं की ते चिडायचे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत जमिनीतल्या पाण्याच्या टाकीवर सिमेंटचा चौथरा होता. रेडिओवरच्या सातच्या बातम्या संपल्या की बिल्डिंगमधले पुरुष तिथे येऊन बसत. काका बोलायला लागले आणि दोघातिघांनी "बरोबर आहे काका" म्हटलं, की ते पायजमा सावरत उठायचे, चौथऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "आता मी इकडून बोलतो. तिकडे फार गर्दी झाली." आणि खरोखरच मघाशी स्वतः मांडलेलं सगळं ते तिकडे बसून खोडून काढायचे.

ते एका विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होते. त्या नोकरीनेच बहुधा त्यांना दोन प्रश्नांची सवय लावली होती. "केलं कशासाठी? आणि भोगणार कोण?" बजेट असो, संप असो की क्रिकेटचा कप्तान बदललेला असो, काका हे दोन प्रश्न विचारायचे. तळमजल्यावरच्या जोगळेकरांच्या कुंड्या हळूहळू कंपाउंडमध्ये पुढे सरकत होत्या, तेव्हाही त्यांनी आधी "कशासाठी" तेच शोधलं.

"जोगळेकर, तुम्हाला जागा नकोच आहे. आम्ही किती गप्प बसतो, ते तुम्ही बघताय."

"अहो काका, जास्वंदीला ऊन मिळत नाही हो!"

"हेच. जगातल्या प्रत्येक घुसखोराला फक्त थोडं ऊन हवं असतं."

जोगळेकर स्वतःच हसले. दुसऱ्या दिवशी कुंड्या मागे गेल्या होत्या.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी इंग्रजी बोललं की चेष्टा, म्हणून मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले होते. बाबांना जेवायला बोलवायला खाली यायचं आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ऐकत राहायचं, एवढाच माझा टाकीशी संबंध.

इराकचं सैन्य इराणमध्ये घुसल्याची बातमी आली तेव्हा काकांचा मुलगा सुहासदादा बसऱ्याजवळ होता. तिथे एक मोठी वसाहत बांधली जात होती. तिच्या वायरिंगचं काम त्याच्याकडे होतं. बसरा इराकमध्ये असलं तरी नदीच्या काठावर, आणि सरहद्द अगदी जवळ. त्या संध्याकाळी टाकीवर सगळे जमले, पण युद्धाबद्दल कोणी चकार शब्द काढेना. दुधाच्या केंद्रावरची रांग, गिरणीत दळण किती जाडं येतं, असलं काहीतरी चाललं होतं. शेवटी काकांनीच सुरुवात केली.

"सरहद्दीवरच्या नदीचा करार इराकने पाच वर्षांपूर्वी नाइलाजाने केला होता. आता शेजारच्या घरात क्रांती झालीय. जुने सेनापती तुरुंगात, विमानांना सुटे भाग मिळत नाहीत. घरात भांडणं चालू असली की शेजारी भिंत सरकवून घेतो. भिंत सरकली की थांबेल."

"बरोबर आहे काका."

काका उठून दुसऱ्या टोकाला गेले. "पण नुसत्या नदीसाठी कोणी एवढं सैन्य धाडतं? त्याला भीती आहे, ती क्रांती उद्या आपल्या घरात येईल. भ्यालेला माणूस लवकर थांबत नाही."

"तेही बरोबर आहे काका."

त्या दिवशी तीनदा जागा बदलून ते दमले. सगळे त्यांना सांभाळून घेत होते, आणि सांभाळून घेतलेलं त्यांना कळत होतं. माणूस आजारी असला की त्याच्या खोलीत आवाज खाली येतात, तसं टाकीवर झालं होतं.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी ते पुन्हा भिंतीचं सांगत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जिन्यापाशी होते.

"ती बघा," काका एकदम म्हणाले, "एक मान आडवी हलली. ये गो बाय, इकडे ये. तुका काय वाटता?"

मला पळून जावंसं वाटलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काही नाही काका."

"मान उगाच हलत नाही. मराठीत अडत असेल तर इंग्रजीत बोल, पण बोल."

"भिंत सरकवायला शेजारी आलेला दिसला," मी म्हटलं, "की घरातलं भांडण थांबतं."

काकांनी चौथऱ्यावर हात आपटला. "हां! आता कोणीतरी बोललं!"

त्यानंतर रोज मला खाली बोलावणं येऊ लागलं. आमच्याकडे इंग्रजी पेपर यायचा. तो वाचून मी तयारीने जायचे. काका इराकच्या बाजूने बोलायचे, मी विरुद्ध. ते मला अडवायचे, चिडवायचे, "हे कोणी छापलंय म्हणून सांगतेस की तुला पटलंय म्हणून?" असं विचारायचे. माझं मत काय, हे त्याआधी मला कोणी विचारलेलं आठवत नाही. पण एके रात्री जेवताना बाबा म्हणाले, "तुला काही समजतं का? त्या माणसाचा मुलगा तिथे आहे आणि तू त्यांना सांगतेस, लढाई लांबणार?" मी पान तसंच टाकून उठले.

त्याच सुमाराला सुहासदादाच्या साइटवरचा एक फोरमन कुवेतमार्गे परत आला आणि निरोप घेऊन काकांकडे आला. ज्यांना परत जायचंय त्यांना कंपनी बसने कुवेतला सोडत होती. शेवटची बस आता निघणार होती. जे थांबतील त्यांची नोकरी राहील. सुहासदादाचा विचार थांबायचा होता, पण त्याने विचारलं होतं, "अप्पा, तुम्ही म्हणाल तसं." कंपनीच्या इथल्या ऑफिसातून टेलेक्स करता येणार होता.

काकांनी हे टाकीवर सगळ्यांसमोर सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "थोड्या दिवसांत मिटणार असेल तर मुलाने चांगली नोकरी का सोडावी? बोल."

मी बाबांकडे पाहिलं. "बरोबर आहे काका," मी म्हटलं. "मिटेल."

सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. काका मात्र जागेवरून हलले नाहीत. थोड्या वेळाने उठून घरी गेले.

सकाळी बेल वाजली. ऑफिसचे कपडे, हातात बॅग, काका दारात उभे. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"काल तू खोटं बोललीस."

मी हातातल्या पेपरची घडी घालू लागले.

"माझो झील, माझो सुहास, थंय आसा म्हणान तू माका जिंकवतस काय गो?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी काळजी करायला घरात काकू आहे, अख्खी बिल्डिंग आहे. माझी चूक दाखवणारं एक माणूस होतं, तेही काल त्यांच्यात जाऊन बसलं. आता त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन सुहासला काय कळवू? खरा सांग."

बाबा गालाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले आणि काही बोलणार तोच काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

मग मी बोलले. इराणमधले अरबी बोलणारे लोक सैन्याचं स्वागत करतील असं इराकला वाटलं होतं, तसं काही झालेलं दिसत नाही. पलीकडचं सरकार डळमळत होतं, आता त्याच्याविरुद्ध बोलेल तो देशद्रोही ठरेल. ज्याने हल्ला केला तो हात हलवत परत जाऊ शकत नाही, आणि ज्याच्यावर झाला तो आता सोडणार नाही. "यात थांबणार कोण, ते मला दिसत नाही, काका. आणि तोफा नदीच्या दोन्ही काठांवरून उडतात."

"तू चुकलीस तर?"

"तर सुहासदादाची नोकरी जाईल."

"आणि मी चुकलो तर?"

काकांनी मान हलवली, बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरून गेले.

सुहासदादा पुढच्याच आठवड्यात परत आला. बिल्डिंगने पेढे वाटले. आठ दिवसांतच नेरूरकरांच्या घरातून आवाज येऊ लागले. त्याचे सोबती तिथेच होते, साइटवर काम चालू होतं, एक काचही फुटली नव्हती. "दुसऱ्यांच्या लढाईवर गप्पा मारून माझी नोकरी घालवलीत!" असं तो ओरडलेलं आम्ही वरच्या मजल्यावर ऐकलं. काका एवढंच म्हणाले, "निर्णय माझा होता." माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. सुहासदादाला भांडुपच्या एका कारखान्यात काम मिळालं, पण बापलेक एका टेबलावर जेवूनही एकमेकांशी कामापुरतंच बोलत.

काका गेल्या वर्षी गेले. ती लढाई तेव्हाही संपली नव्हती. त्यांची आठवण सांगायची तर मला त्यांचे वाद आठवतातच, पण त्याहून जास्त आठवते ती सुहासदादा आल्यानंतर दोनेक वर्षांनी टाकीवर घडलेली गोष्ट.

लढाई उलटली होती. इराणचं सैन्य आता बसऱ्याच्या दिशेने येत होतं, पेपरात पहिल्या पानावर नकाशा होता. सुहासदादा तो पेपर हातात घेऊन खाली आला आणि काकांशेजारी बसला. परत आल्यापासून टाकीवर तो कधी आला नव्हता.

"थॉमस अजून तिथेच आहे," तो म्हणाला. "माझा रूममेट."

सगळे काकांकडे बघू लागले. जोगळेकरांनी तर माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आता काका बोलणार, दोन वर्षांचं उट्टं काढणार, असंच मलाही वाटलं.

काकांनी विचारलं, "त्याच्या घरी कोण असतं?"

"आई. एकटीच. चेंबूरला."

"चप्पल घाल."

दोघं तसेच गेले. दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, तिथे काय झालं. ते म्हणाले, "शेजारपाजार जमला होता. सगळे तिला सांगत होते, काही होणार नाही. तिने मला विचारलं, तुमचा मुलगा तर तिथे राहून आलाय, माझा थॉमस सुखरूप असेल ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बाई, मला माहीत नाही."

"अहो काका!"

"रडली. बराच वेळ रडली. मग बाकीच्यांना म्हणाली, तुम्ही आता घरी जा. आणि आम्हाला म्हणाली, तुम्ही थांबा."

थॉमस परत येईपर्यंत बापलेक दर रविवारी बसने चेंबूरला जात राहिले. काकू सांगायच्या, जाताना भांडतात आणि येताना त्याहून जास्त.