खुणेची काठी

गल्लीत सगळे तिला टकटक काकू म्हणत, कारण चाळीस वर्षं ओहोटीला तिची हातोडी खडकावर वाजत आली होती. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाच महिने टकटक बंद. घरात बसून बाईचा जीव नुसता आंबला. नवरा जाळं घेऊन निघाला की ही उंबऱ्यातून बघत राहायची. शेवटी सुनेशी भांडली, रडली, रुसून जेवली नाही. डब्यातली बिस्किटं मात्र आपोआप संपली.

सून भारी खमकी. म्हणाली, "जा, आई. पण काठी हातातून सुटता कामा नये. सुटली, की खडक कायमचा बंद. आत्ताच सांगून ठेवते."

"नाही गं सोडत," काकू म्हणाली, आणि खरंच तसं ठरवूनच निघाली.

पाणी दूर हटलं होतं. खडक उघडे पडलेले, आणि त्यांना ही गच्च कालवं चिकटलेली! काकूला गहिवरून आलं. "आले गं बायांनो," कालवांनाच म्हणाली ती. आता कामाची रीत अशी, की आधी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायची. भरतीचं पाणी काटकीला लागलं, की सामान उचलून वर यायचं. काटकी मागेच राहते, तिच्यासाठी कोण वळून बघतं? काकूचा हात सवयीनं खाली गेला, वाळूत काठी रोवली गेली, आणि बाई कामाला लागली.

टक! शिंपल्याचं झाकण उडालं, आतला गर पातेल्यात. टक! दुसरं. लांब कमरेइतक्या पाण्यात नवरा जाळं फेकत होता. त्यानं आवाज ऐकला आणि हात वर केला. काकू लाजली, या वयात! गुडघा कुरकुरला तेव्हा त्याला "गप रे" म्हणाली. पातेलं काठोकाठ भरलं, पाणी काठीला लागलं, तशी ती उठली आणि गुणगुणत घरी आली.

"काठी कुठंय?" सुनेनं दारातच विचारलं.

काकूनं हात बघितले. एकात हातोडी, दुसऱ्यात पातेलं. संपला खडक.

तेवढ्यात नवरा धापा टाकत आला, नखशिखांत ओला, हातात तीच काठी. तरंगत त्याच्या जाळ्यापाशी आली होती. बायको समोर उभी दिसली तसा तो मटकन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मला वाटलं, तू गेलीस."

"अहो, मी कुठं जाते? आणि जाळं?"

"राहिलं तिथंच."

"मासे?"

"सुटले बिचारे!"

काकूला हसू फुटलं, मग त्यालाही. सून मात्र हसली नाही. किनाऱ्यावरून दारापर्यंत आलेल्या बावीस पायऱ्या बघत उभी राहिली.

"एवढ्या चढून आलात? काठीशिवाय?"

"अगं, लक्षातच राहिलं नाही." काकू रडवेली झाली. "शपथ, मुद्दाम नाही सोडली."

सुनेनं काठी घेतली, कोरडी पुसली आणि दाराआड उभी केली. मग जळणातून एक वेडीवाकडी काटकी ओढली आणि सासूच्या हातात दिली.

"उद्या ही रोवा, आई. गेली वाहून तर जाऊ दे."