पडद्याकडं पाठ करून बसणारे पंच

सर हॉलमध्ये आले की आधी खुर्ची फिरवायचे. सगळं पब्लिक मोठ्या पडद्याकडं तोंड करून बसलेलं, आणि पंच मात्र पडद्याकडं पाठ करून, खेळाडूंच्या समोर. पोरं हसायची. सर म्हणायचे, "पडदा तुम्ही पहा. मी हात पाहतो."

व्हिडिओ गेमच्या सामन्याला असा पंच तुम्ही कुठं पाहिला नसेल. आमच्या कांचघरच्या गल्लीत माझ्या घरासमोरच राहायचे ते. शहपुऱ्याच्या शाळेत पीटी शिकवून आणि जन्मभर कबड्डीत शिट्टी वाजवून रिटायर झालेले. बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर कुणीतरी गेमिंगचा हॉल काढला. तिथं सामन्यांत हाणामाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा मालकाला धाकाचा माणूस हवा होता. सरांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "नियमाचं पुस्तक कुठं आहे?" नव्हतंच. मग यांनी स्वतःच एका वहीत लिहून काढलं. नियम पहिला, चपला बाहेर. नियम दुसरा, आईबहिणीवरून शिवी दिली की फेरी बाद.

पहिल्या दिवशी त्यांनी जोरात शिट्टी मारली, तर कुणी मान वर करेना. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन! दुसऱ्या दिवसापासून लाल रुमाल आला. मी बँकेत नोकरीला, रविवारी सुट्टी असायची, तेव्हा गंमत बघायला जायची. पडद्यावर कोण कुणाला मारतंय ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. "ताई, मेला तो कोण जी?" असं मलाच हळूच विचारायचे. पण कोण घाबरलंय, कोण चिडलंय, कोण शेजाऱ्याच्या स्क्रीनवर डोकावतंय, हे त्यांना बोटांवरून कळायचं.

नदीवरच्या ग्वारीघाटावर फुलं विकणाऱ्याची मुलगी रोशनी तिथं खेळायला यायची. कॉलेजात शिकायची आणि सकाळ-संध्याकाळ बापाच्या दुकानात हार ओवायची. "हिची बोटं पहा ताई, काय चालून राहिली!" सर कौतुकानं सांगायचे. सेमीफायनलला ती जिंकत आली होती. शेवटच्या फेरीत मात्र तिचा पडद्यावरचा माणूस ढिम्म उभा राहिला आणि ती हरली. पब्लिक बोंबललं. सरांनी लाल रुमाल वर केला. त्यांनी पाहिलं होतं, तिनं अंगठ्यानं तीनदा बटण दाबलं आणि ते वर आलंच नाही. त्यांनी तिच्या हातातला बटणांचा कंट्रोलर घेतला, स्वतः दाबून पाहिला आणि निकालाच्या कागदावर लिहिलं, यंत्रात दोष, खेळाडू निर्दोष, फेरी पुन्हा घ्यावी.

मालक धावत आला. "सर, दोबारा नहीं हो सकता. बाहर हिसाब हो गया."

"कोणचा हिसाब?"

तेव्हा सरांना कळलं. अर्धं पब्लिक मोबाइलवरून त्या सामन्यावर पैसे लावून बसलं होतं. दिवाळीतसुद्धा पत्त्याला हात न लावणारा माणूस इतके दिवस सट्ट्याच्या अड्ड्यावर पंच म्हणून बसत होता, आणि त्यालाच ठाऊक नव्हतं! त्यांनी तो कंट्रोलर पिशवीत टाकला, घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रोशनीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. खाली लिहिलेलं, 'बिकी हुई', म्हणजे पैसे खाऊन मुद्दाम हरलेली. ज्यांचे पैसे गेले त्यांनी घाटावर येऊन तिच्या बापासमोर तिला शिव्या दिल्या. मालकानं तिला खेळायची बंदी केली. माझा तर आजही संताप संताप होतो. पैसे यांनी लावले, बटण मालकाचं खराब, आणि नाव कुणाचं खराब झालं? त्या पोरीचं!

सर तिला आणि मला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "सट्टा तो बंद है. जो चीज़ है ही नहीं, उसकी जाँच कैसी?"

"बंद है मतलब होता नहीं?" सरांनी विचारलं.

साहेबांनी चहा मागवला. एकच.

पुढच्या सोमवारी सर माझ्या घरी कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. "ताई, अर्ज लिहा. या खेळावरचा सट्टा सरकारनं कायदेशीर करावा अन् त्याले नियम लावावे."

माझा हात थांबला. "काहून सर? तुम्ही म्हणून राहिले हे? बँकेत रोज पाहते मी, पगार हाती आला की लोक कसा उडवतात. कायदेशीर केलं तर घराघरात घुसेल ना हे!"

"मग आता काय दाराबाहेर उभं आहे काय?" ते भडकले. "मले आवडत नाही जी, आजही नाही. पण मैदानावर रेघच आखली नाही, तर आउट कोणाले देऊ? चोरून चालते तिथं शिट्टी कोण वाजवते?"

आम्ही चांगले तासभर भांडलो. मग ते नियम सांगायला लागले. अठराच्या आतला दिसला की बाहेर. मालक, पंच, खेळाडू यांनी पैसे लावायचे नाहीत. पंचाची सही झाल्याशिवाय कुणाला छदाम द्यायचा नाही. शेवटचा नियम त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला. ज्या खेळाडूवर आळ येईल, त्याचं ऐकायला एक माणूस, एक टेबल आणि एक तारीख असावी.

सट्टा कायदेशीर करावा हे मला अजूनही पटलेलं नाही. पण तो शेवटचा नियम मला पटला होता, म्हणून टाइप केलं. भोपाळला पाठवलं, दिल्लीला पाठवलं. एकच उत्तर आलं, विषय या विभागाशी संबंधित नाही. अरे, मग कुणाशी आहे? सांगा ना! बंदीचा कागद काढून तुम्ही मोकळे झालात. त्या कागदाच्या आड धंदा बिनधास्त चाललाय, आणि त्यात भरडलेल्या पोरीनं कुठलं दार वाजवायचं, ते सांगायला एकही माईचा लाल तयार नाही.

सर मात्र दर सोमवारी यायचे. "चलो ताई, आणखी एक." एका सोमवारी आले नाहीत. पहाटे झोपेतच गेले होते.

तेराव्यानंतर सरांच्या बायकोनं, काकूंनी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. "हे टाकू नको म्हणायचे. पुरावा आहे म्हणायचे. आता कोणाले देऊ हा पुरावा?"

तो कंट्रोलर होता. मी तो ग्वारीघाटावर रोशनीला नेऊन दिला.

"सर ने अब तक रखा था?" एवढंच ती म्हणाली आणि रडली. मग डोळे पुसून तिनं तो वायरीनं हारांच्या शेजारी खिळ्याला टांगला. तेवढ्यात दोन तरुण फुलं घ्यायला आले. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. "अरे, वही है ना? बिकी हुई."

रोशनीनं कंट्रोलर खाली काढला आणि त्याच्या हातात दिला. "दबा के देखो, भैया."

त्यानं दाबलं. बटण आत गेलं, वर आलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. मग तिच्या तोंडाकडं पाहायचा त्याला धीर होईना. तो तिच्या हातांकडं पाहत राहिला. त्या हातांचं हार ओवणं पुन्हा सुरू झालं होतं.