आतोबांची चौकशी

भोर आणि वेल्हे हे दोन तालुके मिळून मोबाईलवरच्या मजकुराला भीक न घालणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आतोबांचा जन्म टपाल वाटण्यात गेला. पाठवणाऱ्याचं नाव नसलेल्या पाकिटाकडे ते आजही विंचवाकडे बघावं तसे बघतात. भाटघरच्या भिंतीला तडा गेल्याचा मेसेज आला, धरणाखालची माणसं बोचकी बांधू लागली. आतोबा भाकरी बांधून एसटीत बसले आणि संध्याकाळी परतले. "हाये जागेवर," एवढंच म्हणाले. पालीच्या व्याह्यांच्या निधनाच्या मेसेजवर अख्ख्या ग्रुपने हात जोडले, तेव्हा हे थेट त्यांच्या दारात. "मयतानं सोता च्या पाजला. साखर जरा कमी व्हती." सगळे हसायचे. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत फिरणारा मी सर्वांत मोठ्याने.

मागच्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला: मोटारसायकल, काळी पिशवी, हातात गोळ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भोरचे बशीरभाई आमच्या वाडीवर आले. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला ते वर्षानुवर्षं यायचे. त्यांच्याकडे मोटारसायकल होती, हत्यारांची काळी पिशवी होती, आणि नेहमीसारखी त्यांनी शेजारच्या ज्ञानबाच्या नातीला लिमलेटची गोळी दिली. आमच्या प्रत्येक घरातली शेगडी ज्याने उघडून पाहिली, तो माणूस त्या दुपारी कुणाला ओळखू येईना. त्यांची कॉलर फाटली. गिरणीवाल्या शंकरच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. चारपाच मोबाईल वर झाले होते. "आवो, म्या बशीर," ते पुन्हापुन्हा सांगत होते.

आतोबा गर्दीतून वाट काढत आले आणि बशीरभाईंच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले, घाई नसल्यासारखे.

"ज्ञानबा, तुला कुणी सांगितलं?"

"तात्या, तुमी बाजूला व्हा. सगळ्यांस्नी म्हाईत हाये."

"सगळे कुठं ऱ्हात्यात? नाव सांग."

"गिरणीच्या शंकरनं धाडलं."

"शंकर, तुला?"

दांडा तसाच वर धरून शंकर म्हणाला, "तुमच्याच भाच्यानं."

सगळे माझ्याकडे वळले. मेसेज मीही पुढे ढकलला होता. खबरदारी म्हणून, विचार न करता.

"तुला रं?"

मी मोबाईल उघडला. "ज्ञानबाकाकांनी."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग पोर कुणाचं गेलं म्हनायचं?"

कुणाचंच गेलं नव्हतं. दांडा हळूहळू खाली आला. माणसं पांगेपर्यंत आतोबा उठले नाहीत. मग बशीरभाईंच्या मागे मोटारसायकलवर बसून, आपली पाठ वाडीकडे ठेवून, ते त्यांना भोरला सोडून आले.

बशीरभाई त्यानंतर आले नाहीत. आत्याची शेगडी बिघडली की आतोबा ती पोत्यात घालून एसटीने भोरला नेतात. परवा त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी गेलो. बशीरभाईंनी बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. बर्नर घासताघासता म्हणाले, "ज्ञानबाची नात केवढी झाली आता?"

फोटो दाखवावा म्हणून मी खिशातून मोबाईल काढला. त्यांचा हात थांबला, नजर दाराकडे गेली.

मी मोबाईल परत ठेवला. हाताने जमिनीपासून उंची दाखवत म्हटलं, "एवढी."